चढावर ओढ हरवणारी जुनी डिझेल जीप: दोष कुठून शोधायला सुरुवात करावी?

प्रश्न

माझ्याकडे महिंद्राची १९९० च्या दशकातील एमएम ५४० जीप आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे प्यूजो रचनेचे, २११२ सीसीचे, टर्बो नसलेले आहे. सपाट रस्त्यावर गाडी पूर्वीसारखीच धावते, ताशी साठचा वेग सहज धरते, सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू होते आणि जागेवर उभी असताना इंजिन एकसारखे चालते. तक्रार आहे ती घाटाची. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना जे चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे, तिथे आता दुसराही अपुरा पडतो. चढाच्या सुरुवातीला ओढ चांगली असते, पण काही मिनिटे सलग जोर दिल्यावर ती ओसरू लागते आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही इंजिन वर येत नाही, म्हणजे त्याच्या फेऱ्या वाढत नाहीत. गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो, की पुढचे काही अंतर ती पुन्हा नीट चढते.

धूर जवळजवळ नाही. इंजिनाचे तापमान नेहमीच्या मर्यादेत राहते. एअर फिल्टर साफ करून त्यातील तेल बदलले आहे आणि डिझेल फिल्टरही नवा आहे. टायर मूळ मापाचेच आहेत. गाडी पाहणाऱ्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की इंजिन जुने झाले असून डिझेल पंप थोडा ‘वाढवून’ घेतला तर ओढ परत येईल. पंपाला हात लावण्यापूर्वी आणखी काय तपासून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

पंप वाढवू नका, निदान आत्ता तरी. आपण दिलेल्या वर्णनात दोन गोष्टी अतिशय मोलाच्या आहेत: धूर नाही, आणि थांबल्यावर ओढ परत येते.

डिझेल इंजिनाची ओढ कमी झाली, की सर्वप्रथम सायलेन्सरकडे पाहावे. पूर्ण जोर दिला असताना काळा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण ते नीट जळत नाही. अशा वेळी तुंबलेला एअर फिल्टर, ठिबकणारे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तोंड) किंवा मागे पडलेले टायमिंग (डिझेल फवारले जाण्याची वेळ) यांचा विचार करावा लागतो. निळसर धूर इंजिन तेल जळत असल्याचे सांगतो. परंतु धूरही नाही आणि ओढही नाही, अशी स्थिती असेल तर बहुतेक वेळा सिलिंडरपर्यंत पुरेसे डिझेलच पोहोचत नसते. पंप वाढवणे म्हणजे पूर्ण भाराच्या वेळी तो किती डिझेल मोजून देऊ शकतो, याची कमाल मर्यादा वर सरकवणे होय. पंपाच्या तोंडाशीच डिझेल कमी येत असेल, तर ही मर्यादा वाढवून काहीही साधत नाही. पुढे कधीतरी खरा दोष दूर झाला, की हाच वाढवलेला पंप काळा धूर ओकू लागतो, एक्झॉस्टचे तापमान वाढवतो आणि पिस्टनला धोका निर्माण करतो.

सपाटीवर हा दोष का दिसत नाही, हे एका ढोबळ हिशेबावरून स्पष्ट होईल. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दीड टन मानले आणि पंधरास एक असा चढ ताशी ४५ किलोमीटर वेगाने चढायचा असेल, तर केवळ वजन वर उचलण्यासाठी सुमारे १६ अश्वशक्ती लागते. टायरचा आणि हवेचा विरोध त्यावर वेगळा. एवढ्याच वजनाच्या गाडीला सपाटीवर ताशी ६० ने जाण्यासाठी साधारण बारा अश्वशक्ती पुरते. शिवाय तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४५ वर इंजिन आपल्या कमाल फेऱ्यांच्या बरेच खाली असते, त्यामुळे हाताशी असलेली शक्ती मुळातच कमी असते. सपाटीवर भागवणारा अर्धवट तुंबलेला डिझेल मार्ग घाटात उघडा पडतो तो यामुळेच.

महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण बारा टक्के विरळ असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती वर जाता जाता काहीशी घटणारच. पण ती घट आपल्या जीपला पूर्वीही सोसावी लागत होती, आणि हवा कमी पडल्याने ओढ गेली असती तर धूर काळा झाला असता. म्हणून उंचीचे कारण मी बाजूला ठेवतो.

आता तपासणीचा क्रम. सुरुवात अगदी फुकटच्या तपासणीने करावी. इंजिन बंद ठेवून एकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर कमाल मर्यादेच्या स्क्रूला टेकतो का, ते पाहावे. जुन्या जीपमध्ये पेडल आणि पंप जोडणाऱ्या लिंकेजचे सांधे झिजतात, पायाखाली जाड मॅट येते, आणि पेडल तळाला लागले तरी लिव्हर पूर्ण फिरत नाही. आपली ओढ सुरुवातीला चांगली असते, त्यामुळे हे कारण असण्याची शक्यता कमी आहे, पण पाहून ठेवावे.

त्यानंतर घाटात ओढ ओसरू लागताच गाडी सुरक्षित जागी थांबवून टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच ओढ परत आली, तर टाकीला हवा मिळण्याचा मार्ग बंद झाला आहे. आवाज आला नाही, तर टाकीतील डिझेल उचलणाऱ्या नळीची जाळी, तिथून पुढचा पाइप, रबरी होज आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे पाठवणारा छोटा पंप) यांवर लक्ष द्यावे. टाकीच्या तळाशी साचलेला गंज आणि गाळ डिझेल सलग ओढले जात असताना जाळीला चिकटतो आणि इंजिन बंद केल्यावर डिझेल ओढणे थांबले की खाली सुटून पडतो. थोडा वेळ थांबल्यावर गाडी सुधारते, याचा सर्वांत सरळ अर्थ मला हाच दिसतो.

याची खात्री करण्यासाठी टाकी वगळून पाहावे. स्वच्छ डिझेलचा कॅन केबिनबाहेर घट्ट बांधावा, फीड पंपाकडे जाणारी नळी त्यात सोडावी, उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळीही त्याच कॅनमध्ये आणावी आणि जवळच्याच एखाद्या तीव्र, वाहतूक नसलेल्या चढावर गाडी पूर्ण जोराने चालवावी. नळ्या एक्झॉस्टपासून दूर राहतील, याची काळजी घ्यावी. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे येतात का, तेही दिसेल.

उत्तर २

वरील क्रम योग्य आहे. मात्र इंजिनाबाहेरच्या कारणांकडेही पाहून घ्यावे, कारण एकाच गाडीत दोन दोष असू शकतात. पेडल सोडल्यावरही ब्रेक चाकाला धरून राहत असतील तर सपाटीवर ते चटकन जाणवत नाही. काही किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवावी आणि चारही चाकांच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन एखादा इतरांपेक्षा जास्त तापला आहे का, ते पाहावे; मग जॅक लावून ते चाक हाताने फिरवावे. क्लच घसरत असेल तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. आपले इंजिन वरच येत नाही, म्हणजे क्लचवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही.

टायर मूळ मापाचे आहेत हे चांगले. हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, की मूळ मापाऐवजी ३१ इंची टायर लावले तर चाकाचा व्यास सहा-सात टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्येक गिअर तितकाच ‘उंच’ होतो, म्हणजे चाकाशी मिळणारा जोर तितका कमी होतो. साठेक अश्वशक्तीच्या इंजिनाला घाटात ते चांगलेच जाणवते, आणि अशा वेळी दोष इंजिनाचा समजून पंप उघडला जातो.

उत्तर ३

मला टायमिंगचा आणि नोझलचा मुद्दा इतक्या लवकर सोडून द्यावासा वाटत नाही. वयोमानाने नोझलच्या स्प्रिंग मऊ पडतात, उघडण्याचा दाब उतरतो आणि फवाऱ्याऐवजी धार पडते. चारही नोझल काढून टेस्ट बेंचवर दाब, फवारा आणि ठिबक तपासून घेणे फार खर्चाचे नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाबही मोजून घ्यावा. त्यात मिळालेल्या आकड्याइतकाच चार सिलिंडरमधला परस्पर फरक महत्त्वाचा असतो. पंप पूर्वी कधी काढून बसवला असेल, तर टायमिंगची खूण जागेवर आहे का, तेही पाहावे.

उत्तर १ (पुढे)

नोझल तपासण्याला माझा विरोध नाही, फक्त त्याचा क्रमांक नंतरचा आहे. बिघडलेले नोझल, चुकलेले टायमिंग किंवा उतरलेले कॉम्प्रेशन पाच मिनिटे थांबल्याने दुरुस्त होत नाही. शिवाय ही गाडी सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू होते, यावरून कॉम्प्रेशन समाधानकारक असावे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या मार्गात कुठे हवा शिरत असती, तर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला सुरू व्हायला सहसा त्रास झाला असता. म्हणून मला गळतीपेक्षा अडथळ्याचीच शक्यता अधिक वाटते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. पंपाचा लिव्हर पूर्ण फिरतो. चाके मोकळी फिरतात आणि एकही ड्रम वेगळा तापत नाही. टाकीचे झाकण उघडून फरक पडला नाही, हवेचा आवाजही आला नाही. कॅन जोडल्यावर मात्र जवळच्या लांब चढावर ओढ शेवटपर्यंत टिकली, आणि पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले नाहीत. नंतर फीड पंपाकडची नळी काढून तिच्यातून टाकीच्या दिशेने हातपंपाने हवा मारली, तेव्हा आधी जोर लागला आणि मग टाकीत एकदम बुडबुडण्याचा आवाज आला. त्यानंतर गाडी काही काळ टाकीवरही चांगली चढली, पण दोष परत येत आहे. आता टाकी काढावी लागेल का?

उत्तर १ (पुढे)

होय, टाकी खाली काढावीच लागेल. उलट हवा मारल्याने जाळी तेवढ्यापुरती मोकळी होते, गाळ मात्र टाकीतच राहतो. जाळीच कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण मग तो गाळ फीड पंपाच्या झडपांपर्यंत आणि फिल्टरपर्यंत जाईल. टाकी पूर्ण रिकामी करून स्वच्छ डिझेलने वारंवार खळबळून घ्यावी आणि निघणारे डिझेल पांढऱ्या फडक्यातून गाळून पाहावे. फडके स्वच्छ राहीपर्यंत हे काम चालू ठेवावे. पाण्याने धुतलीच, तर पूर्ण वाळवल्याशिवाय टाकी बसवू नये. आतला पत्रा पापुद्रे सोडत असेल तर धुऊन उपयोग नाही, टाकी बदलणे बरे. एखाद्या ठिकाणी झाळण्याची गरज पडली, तर वाफ असलेल्या टाकीला ज्योत लावणे जीवघेणे आहे, म्हणून ते काम अशा टाक्या नेहमी हाताळणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

टाकी बाहेर आहे तोवर तिथल्या सगळ्या रबरी नळ्या डिझेलसाठीच्या नव्या होजने बदला, कारण जुनी नळी बाहेरून चांगली दिसली तरी आतून फुगून वाट अरुंद करते. फीड पंपावर गाळणी असल्यास ती साफ करा आणि जोडणीचे तांब्याचे वॉशर नवे घाला. आत्ता बसवलेला डिझेल फिल्टर नवा असला, तरी पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तो पुन्हा बदला. एवढे झाल्यावर पूर्ण जोरात किंचित धूर दिसू लागला, तर घाबरू नका. तो एकसारखा गडद काळा राहिला, तरच उत्तर ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे नोझल टेस्ट बेंचवर न्या.