नंबर न देताही बिल निघतं

वर एकांनी विचारलंय, 'दुकानात मोबाइल नंबर दिला तर काय बिघडतं?' बिघडतं हो. मागच्या महिन्यात नागपुरात बर्डीच्या बाजारात चपला घेतल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, नंबराशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही. मी सांगितलं, नंबरासाठी ग्राहकाला अडवू नका असं ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. मॅनेजर आला, त्याने काहीतरी दाबलं, बिल निघालं. कोणी अडूनच बसलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइन नंबरवर तक्रार करता येते.

पण मला जास्त काळजी आधारच्या झेरॉक्सची वाटते. फुटाळा तलावावर शेंगदाण्याची पुडी सोडली तर कागद आधारच्या झेरॉक्सचा! एका बाईंचा फोटो, घरचा पत्ता, बाराही आकडे स्वच्छ, त्यावर मिठाचे कण. पोटात गोळाच आला. कागद बारीक फाडून टाकला.

तेव्हापासून आईबाबांचंही 'मास्क्ड आधार' काढून ठेवलंय. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर फुकट मिळतं, शेवटचे ४ आकडेच दिसतात. लॉजवर वगैरे तेच द्या, आणि झेरॉक्सवर कशासाठी दिली ते तारखेसकट पेनाने आडवं लिहा. झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली असेल तर समोर उभं राहून डिलीट करून घ्या. तो वैतागतो, वैतागू द्या.