मराठी प्रबंधाचं मुद्रितशोधन: कधी द्यावं, सोबत काय द्यावं?

आष्टीकर: समाजशास्त्राचा पीएच.डी. प्रबंध मराठीत आहे, विषय बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. २८० पानं, त्यात ४० मुलाखती. निम्मी प्रकरणं श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती, ती आता युनिकोडमध्ये आणलीत. दोन महिन्यांनी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात सादर करायचा आहे. मुद्रितशोधकाकडे कधी द्यावा आणि देताना काय सांगावं?

अक्षरजुळणी: आधी फॉन्टचा घोळ निस्तरा, मगच प्रत द्या. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सुटी पडते. 'शेतकऱ्यांना' यातला ऱ्य तर दोन तऱ्हांनी साठवला जातो: कुठे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, कुठे साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला फरक कळत नाही, पण शब्द शोधायला गेलात की निम्म्या जागा सापडतच नाहीत. एक रूप ठरवून सगळीकडे तेच करून घ्या.

'सगळीकडे बदला' हे बटण मात्र जपून. 'महत्व' चूक, 'महत्त्व' बरोबर, म्हणून कुणी 'त्व'च्या जागी 'त्त्व' टाकतं. मग 'नेतृत्व' आणि 'अस्तित्व' बिघडतात, आणि आधीच बरोबर असलेल्या 'महत्त्व'मध्ये तिसरा त घुसतो. तसंच 'दृष्टिकोन' ऱ्हस्व, पण 'दृष्टीने' दीर्घ. पूर्ण शब्द घेऊन, एकेक जागा बघूनच बदला.

गेवराईची ताई: दादा, तुमच्या विषयात खरा धोका ऱ्हस्व-दीर्घाचा नाही, मुलाखतींचा आहे. 'पोरं उसाला जायलेत' हे वाक्य मुद्रितशोधकानं 'मुले ऊसतोडीला जात आहेत' असं केलं, तर तुमचा पुरावाच गेला. अवतरणांना वेगळी शैली लावा, समास (मार्जिन) आत घ्या आणि 'इथे फक्त टंकदोष बघा, भाषा बदलू नका' असं लेखी द्या.

सोबत दोन पानांची शब्दसूची जोडा. 'उचल' म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हे माहीत नसलेला माणूस '५० कोयते' वाचून अवजारं समजतो आणि वाक्य दुरुस्त करायला जातो. सूचीत 'ऊसतोड' दीर्घ, पण 'उसाचा', 'उसाला' ऱ्हस्व हेही लिहा. गावांची नावं एकाच पद्धतीनं. तुमच्या निवेदनात 'केले, झाले'. 'केलं, झालं' फक्त मुलाखतीत. लेखनासाठी साहित्य महामंडळाचे १८ नियम धरायचे, हे आधीच ठरवून घ्या, म्हणजे नंतर वाद होत नाही.

टिपणवही: वेळेचं गणित सांगतो. मन लावून वाचणारा दिवसाला २० पानांच्या फार पुढे जात नाही, म्हणजे पहिल्या वाचनालाच १४ दिवस. दुरुस्त्या घालायला तुम्हाला आठवडा, मग दुसरं वाचन. दुरुस्ती करतानाच नव्या चुका शिरतात, त्यामुळे दुसरं वाचन टाळू नका. मार्गदर्शकांचे आशयातले बदल पूर्ण झाल्यावरच प्रत द्या, नाहीतर वाचून झालेल्या पानांत नवे परिच्छेद पडत राहतात. दर पानावर ठरत असेल तर एक पान म्हणजे किती शब्द, तेही आधीच बोलून घ्या.

तक्त्यांतली टक्केवारी आणि संदर्भांची सालं मुद्रितशोधक तपासत नाही. ती तुम्हीच कुणाला तरी सोबत घेऊन तपासा: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ नोंदीत बोट ठेवून बघायचं. मजकुरात 'तक्ता ४.३' म्हटलंय, तो खाली ४.४ झालाय का, हेही.

साम्य तपासणीचा (दुसऱ्यांच्या लेखनाशी मजकूर किती जुळतो, याचा) अहवाल शेवटच्या प्रतीवरच काढा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही. अवतरणचिन्हं मुद्रितशोधनात गळाली, तर उद्धृत मजकूरही साम्यात मोजला जाऊ शकतो.

आष्टीकर: शब्दसूची आजच करायला घेतो. ताई, मुलाखतीतली अनुस्वाराची रूपं तशीच ठेवू ना?

गेवराईची ताई: हो, तशीच. ध्वनिमुद्रण ऐकून एकदा पडताळा मात्र, टाइप करणाऱ्यानं 'न्हाई'चं 'नाही' केलेलं असतं.