विषय: भावाला जिभेचा कॅन्सर, सोमवारच्या केमोआधी विचारतेय

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ गोव्यात फोंड्याला असतो. जिभेच्या कडेला महिनाभर जखम होती, गेल्या आठवड्यात बायोप्सीत कॅन्सर निघाला. भावजय फोनवर रडत होती. तिथले खासगी डॉक्टर सोमवारपासून केमो सुरू करू म्हणतात. इथे न्यू जर्सीत नव्या औषधांच्या ट्रायल चालू असल्याचं वाचते. त्याला इकडे आणावं का? कुणी यातून गेलंय का? कृपया लवकर कळवा.

---

ताई,

मी फोंड्याचीच. माझ्या यजमानांना गालाच्या आतला कॅन्सर झाला होता, म्हणून हक्काने लिहिते. सोमवारचं थांबवा. चार दिवसांनी काही बिघडेल का, हे त्याच डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि दरम्यान दुसरं मत घ्या. जिभेच्या कॅन्सरला शस्त्रक्रिया शक्य असेल तर बहुधा तीच आधी करतात. मग केमो आधी का, याचं उत्तर तुम्हाला मिळायलाच हवं.

आमची चूक इथेच झाली. घाबरून आम्ही एका खासगी दवाखान्यात पहिली केमो घेतली आणि मग परळला टाटाला गेलो. ट्रायलबद्दल विचारलं, तर त्यात आधी काहीच उपचार न झालेले रुग्ण हवे होते. दार बंद. ट्रायल म्हणजे सगळे उपाय संपल्यावरची गोष्ट, असं आम्ही धरून चाललो होतो. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आता कामाचं. बायोप्सी केली त्या लॅबमधून नुसता रिपोर्ट नको, स्लाइड्स आणि ब्लॉक दोन्ही मागा. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेली छोटी प्लास्टिकची डबी. टाटाला तोच पुन्हा तपासतात. आमच्या लॅबने "रिपोर्ट दिलाय ना?" म्हणून दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा मी तिथेच बसून राहिले. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे. यजमानांनी तो रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला होता, कोकणकन्येत रात्रभर हात तिथेच.

तोवर घरबसल्या रिपोर्ट पाठवून टाटाच्या तज्ज्ञांचं मत मागवायची सोय 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर आहे. ट्रायल शोधायला सीटीआरआय ही सरकारी नोंदणी बघा, तिथे शोधायला पैसे लागत नाहीत. २००९ पासून भारतातल्या ट्रायलची नोंद सक्तीची आहे. कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे, कोणते रुग्ण चालतात, अजून रुग्ण घेतात का, सगळं असतं.

अमेरिकेचं म्हणाल तर मी घाई करणार नाही. तिथे ट्रायलचं औषध फुकट मिळालं तरी नेहमीच्या तपासण्यांचं बिल सहसा विम्याकडे जातं, आणि पाहुण्यांच्या विम्यात आधीचा आजार बहुतेक वेळा बसत नाही. शिवाय दर थोड्या दिवसांनी तपासणीला जावंच लागतं. आणि या आजारात आपल्याकडचं काम कमी नाही. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर मानेतल्या गाठी शस्त्रक्रियेतच काढाव्यात की वाढल्या तर काढाव्यात, हा जुना वाद टाटाच्या ट्रायलने २०१५ साली मिटवला. तीन वर्षांनी आधीच काढलेल्यांतले ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांतले ६७.५. आज तुमच्या भावाला मिळेल तो सल्ला त्यातूनच आलेला असेल.

ट्रायलचं संमतीपत्र मराठीत मागा, सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलो म्हणून नेहमीचा उपचार थांबत नाही.

पैशांसाठी आधी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवा. तिथे जे होत नाही त्यासाठी सरकारी मेडिक्लेम आहे, पण गोमेकॉचं पत्र लागतं, म्हणून निघण्यापूर्वीच कांपालला आरोग्य खात्यात विचारा. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड असेल तर तेही बरोबर ठेवा. राहायला परळची नाना पालकर समिती किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, दोन्हीकडे आधी फोन करा.

यजमान आज ताक-भात जेवतात. भावजयीला माझा नंबर पाठवते, तिला एकटं लॅबमध्ये पाठवू नका, मी येते.

---

ताई, काय लिहू, सुचत नाही. केमो थांबवली. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांनी फरक पडत नाही. ब्लॉक आणि स्लाइड्स काल दुपारी मिळाल्या, तुमच्यामुळेच. गोमेकॉत उद्या दाखवतायत, मंगळवारची कोकणकन्या धरलीय. भाऊ विचारतोय, वाटेत पेज न्यायला थर्मास लहान पुरेल का मोठा?