प्रति: बुरशीचं औषध सुरू झाल्यावर टॅक्रोलिमस कमी का केलं?

तुमच्या भावाला किडनी बसवलीय, फुप्फुसात ॲस्परजिलस ही बुरशी निघाली, त्यावरचं व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) एकतृतीयांशावर आणलं, म्हणून तुम्हाला रिजेक्शनची, म्हणजे किडनी नाकारली जाण्याची धास्ती वाटतेय. पण हे बरोबरच केलंय. टॅक्रोलिमसचा निचरा सीवायपी३ए४ हे एन्झाइम करतं आणि व्होरिकोनॅझोल नेमकं त्यालाच अडवतं. त्यामुळे गोळी कमी घेतली तरी रक्तातली पातळी टिकते. जुनाच डोस चालू राहिला असता तर पातळी चढून हात थरथरले असते आणि नव्या किडनीलाच मार बसला असता.

खरी जपायची वेळ पुढे आहे. व्होरिकोनॅझोल थांबलं की एन्झाइम मोकळं होतं, टॅक्रोलिमसची पातळी घसरते आणि रिजेक्शन तेव्हा होऊ शकतं. तोवर पेशंट घरी आलेला असतो आणि घरचे निर्धास्त! व्होरिकोनॅझोल बंद करायच्या दिवशीच टॅक्रोलिमसच्या पुढच्या तपासणीची तारीख आणि त्याचा नवा डोस लिहून घ्या. तपासणीचं रक्त टॅक्रोलिमसची सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं.

या चर्चेत कुणीतरी म्युकरलाही (काळ्या बुरशीलाही) व्होरिकोनॅझोलच सुचवलंय. म्युकरवर ते चालत नाही. २०२१ मध्ये म्युकरवरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधासाठी झालेली धावपळ आठवत असेल. ते किडनीला जड, लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेला) प्रकार त्यातल्या त्यात सौम्य.

आणि पेशंट घरी येणार म्हणून भिंती घासून रंगकाम काढू नका (आपल्याकडे हमखास काढतात). त्या धुळीत ॲस्परजिलसचे बीजाणू असतात. कुंड्यांची माती आणि कंपोस्टही सध्या दुसऱ्या कुणीतरी बघावं.