मोठ्या अपडेटच्या आधी तुम्ही काय काय आवरलंत?

विंडोज १०ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि आमच्या घरातल्या एकेका कॉम्प्युटरचा प्रश्न पुढे यायला लागला. गेल्या महिन्यात बाबांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवलं. प्रत्यक्ष अपडेटला दीड तास लागला, पण तयारीत तीन रविवार गेले.

पहिला रविवार नुसता विचारण्यात गेला. हे काय आहे, ते कुठे असतं, हा पासवर्ड कुणाला माहीत आहे? बाबांची पंधरा वर्षांची ईमेल एका पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुक ईमेल साठवतं त्या फाइलमध्ये, होती. ती कुठल्या फोल्डरात आहे हे ना त्यांना ठाऊक, ना मला. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स कॉपी केले की झालं, असं मी धरून चाललो होतो. मग बाबांनी स्क्रीनवरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे जायला नको, बरं का." औषधांच्या वेळा, नातेवाइकांचे वाढदिवस, बँकेच्या लॉकरचा क्रमांक, सगळं त्या स्टिकी नोट्समध्ये. त्या चिठ्ठ्या अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात खोलवर 'प्लम.एसक्यूलाइट' नावाच्या फाइलीत असतात. डॉक्युमेंट्स फोल्डर दहा वेळा कॉपी केला असता तरी त्या हाती लागल्या नसत्या.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय झालं? काय अडलं, काय आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, ते सविस्तर लिहा. विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही चालेल.

* * *

मी बॅकअप घेतला होता. निदान मला तसं वाटत होतं.

बाहेरची हार्डडिस्क जोडली, डेस्कटॉपवरचे सगळे फोल्डर त्यात ओढले, पाच मिनिटांत काम झालं. इतक्या लवकर कसं झालं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही, याचं आजही वाईट वाटतं. सगळी पार्टिशन (डिस्कचे भाग) पुसून नवी सिस्टीम टाकली. मग हार्डडिस्क उघडली, तर 'अनुवाद' नावाच्या फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण होता. तो फोल्डर नव्हताच, शॉर्टकट होता. खरा फोल्डर डी ड्राइव्हवर होता, आणि डी ड्राइव्ह मी तासाभरापूर्वी स्वतःच्या हाताने पुसला होता. चार वर्षांचं काम होतं ते. संपादकांना पाठवलेल्या ईमेलमधून निम्म्याच्या आसपास परत मिळालं, बाकीचं गेलं.

आता कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत अशा दोन्ही फोल्डरांचे गुणधर्म उघडते आणि फाइलींची संख्या व एकूण आकार जुळवून बघते. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून वेगवेगळ्या ठिकाणच्या दहा-बारा फाइली उघडते. दुसऱ्या कॉम्प्युटरलाच लावायची, कारण त्याच कॉम्प्युटरवर शॉर्टकटसुद्धा व्यवस्थित उघडतो.

* * *

वरच्या अनुभवाला जोडून एक छोटी गोष्ट. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरात फाइल दिसते, म्हणून ती डिस्कवर असेलच असं नाही. वनड्राइव्हमध्ये नावापुढे नुसता ढग असेल, तर ती फाइल फक्त सर्व्हरवर आहे. हिरवी खूण असेल, तर तुमच्याकडेही आहे. मी अपडेटच्या आदल्या रात्री फोल्डरवर राइट क्लिक करून 'कायम या डिव्हाइसवर ठेवा' निवडलं. सगळं उतरायला सकाळ झाली. हे काम आदल्या रात्रीवर ठेवू नका.

* * *

माझा लॅपटॉप एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, आहे हे मला माहीतच नव्हतं. मी कधी तसं काही चालू केलं नव्हतं.

मोठ्या अपडेटच्या आधी बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारी मूळ प्रणाली) अद्ययावत करून घ्यावं असं वाचलं होतं, ते केलं. लॅपटॉप सुरू झाला तो निळ्या पडद्यावर: बिटलॉकरची (विंडोजच्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की द्या. अठ्ठेचाळीस आकडे. माझ्या खात्यात पाहिलं, तिथे एकही की नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला परीक्षेचे पेपर तपासून गुण भरायचे होते. रात्रभर झोप लागली नाही.

पहाटे आठवलं की लॅपटॉप नवा आणला तेव्हा पहिल्यांदा भावाने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला होता. नंतर मी माझं खातं जोडलं. एन्क्रिप्शन पहिल्या लॉगिनलाच चालू झालं होतं आणि की त्याच्या खात्यात जमा झाली होती. साडेपाचला त्याला उठवलं. त्याच्या खात्यात तीन की होत्या. कुठली माझी, हे पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून कळलं. त्याने आकडे वाचले, मी टाकले, दार उघडलं.

तेव्हापासून ती की कागदावर छापून कपाटात ठेवली आहे. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड', म्हणजे तात्पुरतं बंद, करते. तुमच्या लॅपटॉपचं काय आहे ते पाहायचं असेल, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' लिहा, प्रत्येक ड्राइव्हची स्थिती दिसते. आणि घरातल्या ज्या कुणी तो लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला असेल, त्याला आजच विचारा.

* * *

डेस्कटॉप, २०१९मध्ये जुळवलेला. मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या तपासणी प्रोग्रामने सांगितलं की विंडोज ११ चालणार नाही. प्रोसेसर आठव्या पिढीचा, रॅम १६ जीबी, मग अडचण कसली? टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) सापडत नाही आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) नाही, या दोन कारणांवर ते अडलं होतं.

टीपीएम बोर्डात होतंच, फक्त बायोसमध्ये बंद होतं. इंटेलच्या बोर्डावर ते बहुधा पीटीटी नावाने असतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. चालू केलं आणि एक अडथळा संपला. सिक्युअर बूटला मात्र यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मोड लागतो, आणि माझी डिस्क पार्टिशनांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची होती. मी घाईत आधी बायोसमध्ये मोड बदलला. कॉम्प्युटरला डिस्कवर सुरू करण्यासारखं काही सापडेना. पुन्हा जुन्या मोडवर नेलं तेव्हा जिवात जीव आला.

आधी डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, करायची आणि मगच मोड बदलायचा. विंडोजमध्ये 'एमबीआर२जीपीटी' नावाचं साधन असतं. ते 'व्हॅलिडेट'सह चालवलं की डिस्कला हात न लावता नुसतं तपासून सांगतं. विंडोज चालू असतानाच वापरायचं तर सोबत 'अलाउफुलओएस' द्यावं लागतं. माझं पहिल्या तपासणीत नापास झालं, कारण त्याला तीनपेक्षा जास्त प्राथमिक पार्टिशन चालत नाहीत आणि माझ्या डिस्कवर चार होती. एक रिकामंच होतं, ते काढलं. पुन्हा व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट, मग मोड, मग सिक्युअर बूट. डेटा जागचा हलला नाही. तरी संपूर्ण डिस्कची प्रत बाहेर असल्याशिवाय मी हे केलं नसतं, तुम्हीही करू नका.

* * *

माझा अनुभव मॅकचा आणि जरा जुना आहे, पण त्यातून शिकलेलं अजून वापरतो.

७ ऑक्टोबर २०१९ला मॅकओएस कॅटालिना आलं आणि ३२-बिट प्रोग्राम चालायचे कायमचे थांबले. आजोबांच्या फोटोंच्या निगेटिव्ह मी एका जुन्या स्कॅनरवर स्कॅन करत होतो. चारशेच्या वर निगेटिव्ह बाकी होत्या. अपडेटचं बटण दाबण्याआधी 'सिस्टीम रिपोर्ट' उघडून अ‍ॅप्लिकेशन्सची यादी पाहिली, तर स्कॅनरच्या प्रोग्रामसमोर ६४-बिटच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं. स्कॅनर बनवणाऱ्यांनी त्या मॉडेलवर काम करणं केव्हाच थांबवलं होतं.

मग एका बाहेरच्या एसएसडीवर मोजावे, म्हणजे कॅटालिनाच्या आधीचं मॅकओएस, टाकलं, त्यात स्कॅनरचा प्रोग्राम बसवला, आणि मॅकची आतली डिस्क कॅटालिनावर नेली. स्कॅनिंगच्या दिवशी ऑप्शन की दाबून मॅक एसएसडीवरून सुरू करायचो. सगळ्या निगेटिव्ह पूर्ण व्हायला वर्ष लागलं, पण झाल्या. आजोबांचा तरुणपणीचा, सायकलवरचा फोटो त्यातलाच.

पुढच्या प्रत्येक मोठ्या अपडेटला हीच पद्धत उलटी वापरली: नवी सिस्टीम आधी बाहेरच्या डिस्कवर टाकायची, आठवडाभर त्यावर रोजचं काम करून बघायचं, मग आतल्या डिस्कला हात लावायचा. टाइम मशीनची (मॅकच्या बॅकअपची) प्रत असतेच, पण ती परत फिरण्यासाठी. पुढे जावं की नाही, हे ठरवायला ही चाचणी उपयोगी पडते.

* * *

फाँट. याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते.

माझ्या आत्याने तिच्या आईच्या ओव्या टाइप करून ठेवल्या होत्या. निम्म्या मंगल फाँटमध्ये, निम्म्या त्याआधीच्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नसलेल्या एका फाँटमध्ये. नवी कोरी सिस्टीम टाकल्यावर मंगलमधल्या फाइली उघडल्या, पण ओळी भलत्याच ठिकाणी तुटल्या होत्या. मंगल आता मूळ विंडोजमध्ये नसतो. 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे पूरक फाँट घेतले की मंगल, कोकिळा, अपराजिता हे सगळे येतात. ते घेतल्यावर पानं पूर्ववत झाली.

दुसऱ्या निम्म्या फाइली मात्र नुसत्या रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा दिसत होत्या. तो फाँट फक्त जुन्या डिस्कवर होता. नशिबाने ती डिस्क मी पुसली नव्हती. विंडोजच्या फाँट्स फोल्डरात शोधला, तिथे नव्हता. एकाच वापरकर्त्यासाठी बसवलेले फाँट अ‍ॅपडेटाच्या आत, स्थानिक फाँट्स फोल्डरात जातात, तिथे सापडला. तो बसवला, ओव्या वाचता आल्या, आणि लगेच त्या साऱ्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. रूपांतर करताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. म्हणून मूळ पान शेजारी उघडून ओळ न ओळ ताडून पाहिली. आत्या शेजारी बसली होती. दोन ठिकाणी तिने पाठ असलेली ओवी म्हणून दाखवली तेव्हा खरा शब्द कळला.

जुन्या फाँटमधला मजकूर असेल, तर फाँटची फाइलसुद्धा बॅकअपमध्ये हवी. शिवाय प्रत्येक फाइलची एक पीडीएफ करून ठेवा. तिच्यात अक्षरांचे आकार सोबत जातात.

* * *

उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४ वरून २४.०४. घरचा लॅपटॉप, डिस्क एन्क्रिप्टेड, त्यामुळे बूटचं (सिस्टीम सुरू करणारं) पार्टिशन वेगळं आणि लहान. अपग्रेड तिथेच अडकलं, कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) जुन्या आवृत्त्यांनी ते भरून गेलं होतं. 'ऑटोरिमूव्ह' कमांडने त्या काढल्या, जागा झाली.

बाहेरून जोडलेले पीपीए, म्हणजे प्रोग्रामांचे वेगळे स्रोत, अपग्रेडच्या वेळी बंद केले जातात. ते अपेक्षित होतं, यादी आधीच लिहून ठेवली होती. अपेक्षित नव्हतं ते हे, की पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) ३.१० जाऊन ३.१२ आलं आणि माझी सगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक कामासाठी वेगळे ठेवलेले पायथनचे संच) एका झटक्यात निकामी झाली. ज्यांच्यासोबत पॅकेजांची यादी होती, ती दहा मिनिटांत पुन्हा उभी राहिली. एकाची नव्हती, त्याला दोन संध्याकाळी लागल्या. एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) वापरत असाल, तर नव्या एलटीएसची पहिली पॉइंट आवृत्ती (जसं २४.०४.१) येईपर्यंत थांबा. उबुंटू स्वतःही एलटीएसवाल्यांना त्यानंतरच विचारतं.

* * *

डिस्कची तब्येत आधी बघा, एवढंच सांगायचं आहे. माझ्या हार्डडिस्कच्या स्मार्ट नोंदींमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा शून्यावरून चाळीसवर गेलेला दिसला. अपडेट पुढे ढकललं, आधी एसएसडीवर क्लोन (हुबेहूब प्रत) केलं. क्लोन होतानाच दोन फाइली वाचता आल्या नाहीत. त्या डिस्कवर तासभर अपडेट चालवलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

* * *

अपडेटनंतर जुन्या विंडोजवर परत फिरायला दहा दिवस मिळतात, हे मला माहीत होतं. त्या दहांपैकी आठ दिवस मी घरी नव्हते, ही चूक झाली.

माझ्याकडे भरतकामाचं मशीन आहे, नक्षी कॉम्प्युटरवरून पाठवावी लागते. अपडेटनंतर बाराव्या दिवशी ते जोडलं तर कॉम्प्युटर ते ओळखेना. ड्रायव्हर जुना, नवीन निघालेलाच नाही. 'मागे जा' हे बटण तोवर नाहीसं झालं होतं, जुनी सिस्टीम ठेवलेला विंडोज.ओल्ड फोल्डरही गेला होता. शेवटी एक जुना लॅपटॉप फक्त त्या मशीनसाठी ठेवला आणि त्याचं इंटरनेट कायमचं बंद केलं.

नंतर कळलं की ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. 'डिसम' कमांडला 'सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो' आणि ६० हा आकडा द्यायचा, पण तो पहिल्या दहा दिवसांतच. आणि जागा मोकळी करायच्या नादात डिस्क क्लीनअपमधून जुनी सिस्टीम काढून टाकली, तर मुदत असूनही परत जाता येत नाही. वर्षातून दोनदाच वापरतो ती उपकरणं पहिल्या दिवशीच जोडून बघा.

* * *

माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, म्हणजे विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. विंडोज १०च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत पुरते. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती लागते, माझी जुनी होती, आधी तिथवर यावं लागलं. हे वर्ष मी डेटा आवरण्यात घालवतो आहे.

* * *

आईसाठी केलेली तयारी लिहिते.

आई चिन्हांची नावं वाचत नाही, तिला जागा पाठ आहेत. डाव्या कोपऱ्यात खाली फोटो, त्याच्या वर व्हिडिओ कॉल, उजवीकडे पत्त्यांचा खेळ. हे लक्षात आलं ते मागच्या अपडेटनंतर, सगळं हललं तेव्हा. तिने आठवडाभर कॉम्प्युटर उघडलाच नाही आणि मला सांगितलंही नाही. आपल्याला आता हे जमत नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. ते कळल्यावर मला फार लागलं.

या वेळी अपडेटच्या आधी फोनने तिच्या पडद्याचा फोटो काढला. अक्षरांचा आकार, पडद्याचा उजेड, माउसच्या बाणाची जाडी आणि वेग, सगळ्या सेटिंगचेही फोटो काढले. विंडोज ११मध्ये टास्कबारची चिन्हं मधोमध येतात, ती सेटिंगमधून डावीकडे नेली. फोटो शेजारी धरून एकेक चिन्ह त्याच्या जागी ठेवलं. दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला, नेहमीच्या वेळेला.