वावरातली अवजारांची खोली : आपापले अनुभव लिहा

मोटार, केबल, फवारणी पंप आणि स्प्रिंकलरचे पाईप रोज गावातून वावरात नेणे-आणणे परवडत नाही, आणि धुऱ्यावर उघडे ठेवले तर सकाळी जागेवर सापडतीलच असे नाही. पेरणीआधीच्या मोकळ्या दिवसांत, थोडक्या खर्चात, पण सहजासहजी फोडता येणार नाही अशी टिनाची खोली ज्यांनी उभारली आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. दर गावागणिक बदलतात, तेव्हा बांधणीविषयीच अधिक लिहावे ही विनंती.

यवतमाळ जिल्हा, कापूस व तूर
आमची जमीन भारी काळी आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे तिच्यावर थेट फरशी ओतली, तर फरशी तडकते, चौकट तिरपी होते आणि कडी कोयंड्यात बसेनाशी होते. म्हणून १० बाय १२ फुटांच्या जागेतील दोन फूट माती काढून तेथे मुरूम थराथराने, पाणी मारून व धुम्मसाने ठोकून भरला आणि जोते वावरापेक्षा फूटभर उंच ठेवले. लोखंडी अँगलचे खांब गाडण्यापूर्वी प्रत्येकाच्या बुडाशी सळईचा आडवा तुकडा वेल्ड करून घेतला, म्हणजे काँक्रीटमधून खांब उपसून निघत नाही.

वर्धा जिल्हा
वरील भाऊंनी जमिनीचे लिहिले, मी दाराचे लिहितो. आमच्या शेजारच्या वावरात चोरांनी कुलपाला हातही लावला नव्हता. बाहेरून दिसणारे नट पान्याने सोडून त्यांनी अख्खा पत्रा बाजूला केला आणि मोटार नेली. तेव्हापासून आमच्याकडे भिंतीच्या पत्र्यांना गोल डोक्याचे बोल्ट बाहेरून आणि नट आतून असतात, व नट आवळल्यावर त्यावर वेल्डिंगचा एक टिपका देतात. त्या उष्णतेने पत्र्यावरचा जस्ताचा थर जळतो, म्हणून तेथे लगेच रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा रंग) लावावे. बिजागऱ्या आतल्या बाजूला घ्याव्यात. कुलूप जाड पाईपच्या तुकड्यात लपवले, तर त्यात टॉमी (लोखंडी पहार) घालायला जागा उरत नाही. किल्ली मात्र खालून हात घालून चाचपडत लावावी लागते, आणि आमच्या सालगड्याला त्याचा फार राग येतो.

वरुडकडील संत्रा बागायतदार
छपरावर दगड ठेवून भागत नाही. अवकाळीच्या वादळात पत्रा उडतोच, वर दगडही खाली येतात. जे-हुक बोल्ट (इंग्रजी J सारखे वाकवलेले) पत्र्याच्या उंचवट्यावर, डांबरी वायसर घालून बसवावेत. खोलगट भागात भोक पाडले की पाणी नेमके तेथूनच झिरपते.

चंद्रपूर जिल्हा, जंगलालगतचे शेत
मी व सासूबाई दोघीच शेत पाहतो. दाराच्या वरच्या भागात जाडसर जाळी बसवून घेतली, कारण कुलूप काढण्यापूर्वी आत टॉर्च मारून पाहता आले पाहिजे. साप बहुधा रिकाम्या पोत्यांखाली असतो. दाराखालची फट पट्टीने बुजवली आणि भोवतीचे गवत वाढू देत नाही. एक गोष्ट आवर्जून सांगते : २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले ते सर्वांना ठाऊक आहे, तरीही कीटकनाशकांचे डबे बियाण्याच्या पोत्याशेजारी ठेवलेले अजून दिसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की टिनाच्या खोलीत औषधे ठेवूच नयेत. आम्ही त्यांच्यासाठी झाडाच्या सावलीत विटांचा वेगळा, कुलूपबंद कप्पा बांधला आहे.

पुन्हा वर्ध्याहून
जाळीची कल्पना उत्तम आहे, ताई. खोलीतच मोटारीचा स्टार्टर बसवणाऱ्यांसाठी एक भर घालतो : तार जेथे पत्र्यातून आत येते तेथे पीव्हीसी पाईपचा तुकडा घालावा, कारण वाऱ्याने हलणाऱ्या पत्र्याची धार तारेचे आवरण हळूहळू कापते आणि सगळ्या खोलीत करंट उतरू शकतो. सांगाड्याला वेगळे अर्थिंगही द्यावे. शेतीची वीज पाळीने रात्री येते, आणि ओल्या हाताने दार उघडायला जाणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो.