मदत हवी आहे : भावाला संशोधन प्रकल्पात सहभागी होऊ द्यावे का? (स्किझोफ्रेनिया, सातारा जिल्हा)

नमस्कार. मोबाईलवरून टंकते आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, ११ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. गोळ्या नियमित आहेत. आवाज अधूनमधून येतात, पण आता तो त्यांच्याशी भांडत बसत नाही. सकाळी गोठा साफ करतो, डेअरीला दूध घालतो, दुपारी झोपतो. गावात सगळ्यांना माहीत आहे. लग्नाची पत्रिका येते, पण देणारा हळूच सांगतो, "त्याला गर्दीचा त्रास होईल हो."

मागच्या महिन्यात आशाताईंबरोबर एका संस्थेची दोन मुलं आली. मानसिक आजार असलेल्यांना गावातच आधार देण्याबद्दल अभ्यास करताहेत. प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्ती वर्षभर दर पंधरा दिवसांनी घरी येणार, सुरुवातीला आणि शेवटी प्रश्नावली. फॉर्म आईपुढे ठेवला. आई चष्मा शोधतेय तोवर भाऊ आतून म्हणाला, "आजार माझा आणि सही आईची?" मुलं एकमेकांकडे बघत राहिली. फॉर्म ठेवून गेली.

खरी भीती वेगळीच आहे. चारेक वर्षांपूर्वी अशाच एका प्रकल्पातले दादा दर गुरुवारी यायचे. फार चांगला माणूस. त्यांनी त्याला बँकेत नेऊन स्लिप भरायला शिकवलं, एस.टी.ने एकटा तालुक्याला जायला लागला होता. मग प्रकल्प संपला. दादा यायचे थांबले, साधा निरोपही नाही. त्यानंतर कितीतरी गुरुवार हा दाढी करून ओट्यावर बसायचा. एस.टी. सुटली ती सुटलीच.

आता पुन्हा हो म्हणावं का? सही कोणाची लागते? आणि आईसारख्यांचा एखादा गट कुठे असतो का? अकरा वर्षं ती हे फक्त माझ्याशी बोलते, तेही फोनवर, भाऊ झोपल्यावर.

कृष्णाकाठ : ताई, भाऊ बरोबर बोलला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९९ बघा. संशोधनात घ्यायचं तर त्याचीच संमती हवी, तीही नीट समजावून सांगितल्यावर. दिलेली संमती मध्येच कधीही मागे घेता येते. एथिक्स कमिटीची (संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणारी समिती) मान्यता आहे का, तेही विचारा. विचारल्यावर जे चिडतात त्यांना चहासुद्धा देऊ नका.

दूधपोहे : चहा द्या हो, ती पोरं पगारावरची असतात. आणि असल्या अभ्यासांना सरसकट नावं नकोत. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत मिळून २८२ जणांवर असा अभ्यास झाला होता, २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दवाखान्याच्या उपचारांना घरी येणाऱ्या कार्यकर्त्यांची जोड मिळालेल्यांची लक्षणं थोडी जास्त कमी झाली, रोजच्या व्यवहारातही थोडा फरक पडला. फरक फार मोठा नव्हता, पण होता. आईंसाठी पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनकडे विचारा, तिथे कुटुंबीयांचे आधारगट चालतात. रात्रीअपरात्री बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, १४४१६. भावाचं अपंगत्व प्रमाणपत्र काढलंय का? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो, अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलती मिळतात.

धागाकर्ती : दोघांचेही आभार. प्रमाणपत्र काढलेलं नाही, गावभर होईल म्हणून आई नको म्हणते. आता पुन्हा विषय काढते.

काल संस्थेत फोन केला. शेवटच्या भेटीनंतर काय, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, वरिष्ठांना विचारून सांगते. फॉर्म भावाने स्वतःच्या उशीखाली ठेवलाय. त्याची अट एकच : गुरुवार सोडून कुठलाही वार.

बंद करण्याआधी निरोपाच्या दोन-तीन भेटी द्याव्यात, असं लिहून मागता येतं का? कोणी मागितलं असेल तर मजकूर कसा लिहिला ते व्यनि करा.